न कापलेला कोपरा

लेण्याद्री रस्ता, जुन्नर
८ डिसेंबर २०२४

ती. मलकाताईस,
एलिझरचा शालोम आणि सा. न. वि. वि. साष्टांग आपल्यात देवाशिवाय कुणाला घालत नाहीत, हे तू लिहिशीलच. तर ‘सा’ म्हणजे सादर समज.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून पुन्हा पत्रावर आलो.

गेल्या आठवड्यात कारखान्याची टोळी ऊस तोडून गेली. ओढ्याकडचा कोपरा मात्र मी उभा ठेवायला सांगितला. आपल्या धर्मग्रंथातला, तोरातला, हुकूम तुला आठवत असेल. पीक काढताना शेताचे कोपरे साफ करायचे नाहीत, खाली सांडलेलं वेचायचं नाही. ते गरिबाचं आणि परक्या माणसाचं. बाबा शब्बाथच्या शनिवारी हे वाचून दाखवायचे तेव्हा आपण दोघं टेबलाखाली एकमेकांना लाथा मारत असू. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्तीत हाती शेत आहे, तर एवढं तरी करावं म्हटलं.

पण इथे चांगलं काम करायचं म्हणजे आधी दहा जणांची उलटतपासणी. टोळीच्या मुकादमाला वाटलं, मी कोपऱ्यात काही पुरून ठेवलंय. माझं शेत वाट्यानं करणारा गोरख, माझाच जुना विद्यार्थी, मला म्हणाला, की सर, ऊन लागलं का. डिसेंबरात. आणि ज्यांच्यासाठी कोपरा ठेवला ते गोरगरीब काही फिरकेनात. शेवटी गोरखची आई, साळुबाई, शेळ्यांना वाढं न्यायला आली. परवानगी मागितली नाही, आभार मानले नाहीत. विळ्यानं उसाचे हिरवे शेंडे छाटले, भारा डोक्यावर घेतला आणि गेली. ताई, मला फार बरं वाटलं.

तुझ्या गुडघ्याचं कळव. माया आहे तेवढी राहू दे, उपदेश थोडा कमी चालेल.
तुझा,
एलिझर


मंचर
१५ डिसेंबर

चि. एलिझर यास,
मलकाताईचे अनेक आशीर्वाद. पासष्टी उलटली तरी तुला चिरंजीवच लिहिते, कारण शहाणपण अजून यायचंय.

गुडघा बरा आहे. तुझं पत्र वाचून डोकं मात्र दुखलं. अरे, तो हुकूम इस्राएलच्या भूमीसाठी आहे. जुन्नर तालुक्यात तो लागू नाही, हे पुण्याच्या सिनेगॉगमधल्या हज्जानसाहेबांनी माझ्यादेखत तुला सांगितलं होतं, आणि तू मान हलवून आणखी एक करंजी घेतली होतीस. शिवाय तो आहे गव्हाला, जवाला. गव्हात ससा बसला तरी दिसतो. उसात काय बसतं हे तुझ्या मुकादमालाही ठाऊक असेल. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते तेव्हा बिबट्यानं फाडलेल्या जखमा या हातांनी धुतल्यात. चारी बाजूंचा ऊस तोडून मधे एवढासा ठेवायचा म्हणजे आसपासच्या सगळ्या जनावरांना एकच खोली भाड्यानं दिल्यासारखं आहे.

साळुबाईंना द्यायचंच असेल तर घाटघरहून तू दरवर्षी तांदूळ आणतोस, त्यातलं एक पोतं दे. कोपरा तोडून टाक. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही.

अख्ख्या तालुक्यात ज्यूंचं आपलं एकच घर. ते ‘बिबट्यावाल्यांचं घर’ म्हणून ओळखलं जावं अशी माझी इच्छा नाही. पत्र लवकर लिही, नाहीतर मीच येईन.
तुझी,
मलकाताई


लेण्याद्री रस्ता, जुन्नर
२६ डिसेंबर

ती. मलकाताईस,
सादर नमस्कार.

पोतं देणं आणि कोपरा ठेवणं यातला फरक तुला कळत नाही असं नाही, तुला तो कळून घ्यायचा नाही. पोतं दिलं की साळुबाईला माझ्या दारात उभं राहावं लागेल, हसावं लागेल, पुढच्या वेळी मी दिसलो की पदर सावरावा लागेल. कोपऱ्यात ती मालकासारखी येते. मी ओट्यावर असलो तर मला हटकते, की सर, पाचट पेटवू नका, सापाची पिल्लं हायेत. हुकूम लागू आहे की नाही ते हज्जानसाहेब पाहतील; मला तो आवडला, एवढं पुरे नाही का?

आता तुझ्या बिबट्याबद्दल. ओढ्याच्या वाळूत ठसे दिसले, हे लपवत नाही. गोरख तेव्हापासून माझ्या मागे लागलाय, की कोपरा आजच्या आज तोडू. रोज सकाळी तेच, संध्याकाळी तेच. मी त्याला सांगितलं, आधी धरणं झाली, रान पाण्याखाली गेलं. मग आपण त्या जनावराच्या दारात ऊस लावला. माद्या उसात वितात आणि पिल्लं उसालाच रान समजतात. आपण त्याची जागा घेतली, तर चार सऱ्या त्याच्याही असू देत. देवानं आधी जनावरं केली, मग माणूस, हा क्रम काही उगाच नसेल. गोरख म्हणाला, की सर, ते वर्गात बरं वाटायचं.

वनखात्याला कळवलंय. त्यांचा माणूस येऊन पाहील, मग ठरवू. तोवर मला कुणी शहाणपण शिकवू नये, मोठ्या बहिणीनंसुद्धा.

रागावलीस तरी विसरू नकोस.
तुझा,
एलिझर


लेण्याद्री रस्ता, जुन्नर
४ जानेवारी २०२५

ती. मलकामावशींना,
गोरखची बायको उज्ज्वला हिचा नमस्कार.

मावशी, तुमचा पत्ता सरांच्या टेबलावरच्या पाकिटावरून घेतला. सर तुमाला लिहिणार न्हाईत, दोन दिवस ते कुणाशी धड बोलले न्हाईत, म्हणून मी लिहिते. आमच्या सासूबाईंना बिबट्यानं धरलं. जीव वाचला, हे आधीच सांगते, म्हंजे तुमचा जीव खालीवर व्हायला नको.

परवा दुपारची गोष्ट. त्या वाढं आणायला कोपऱ्यात गेल्या. ऊस वाकवून शेंडे कापत व्हत्या तवर मादीनं डाव्या हातावर झेप घेतली. सासूबाई म्हणतात, की मी वराडले न्हाई, मी तिला शिव्या दिल्या. अंगावर घोंगडं व्हतं आन् मान खाली न्हवती, म्हणून निभावलं. हे पळत गेले तवर ती उसात शिरली. दवाखान्यात हातावर लई टाके पडले, कुत्र्याच्या चाव्याला देतात तसली इंजेक्शनं चालू हायेत. दोन बोटं अजून हलत न्हाईत.

मग सगळी वस्ती गोळा झाली. कुणी म्हणालं, कोपरा पेटवा. सर मधी उभे राहिले. त्यांच्यावर लोक कायकाय बोलले ते मी लिहीत न्हाई. आमच्या ह्यांनीबी तोंड सोडलं, त्याचं मला वाईट वाटतं, पण मावशी, आई त्यांची हाय. सर एकच म्हणत राहिले, की आत पिल्लं असतील, मादी उगाच अंगावर येत न्हाई. वनखात्याची माणसं आली तवा खरंच दोन पिल्लं निघाली, मांजराएवढी, डोळे नुकते उघडलेले. त्यांनी ती क्रेटात घालून तिथंच ठेवली. सकाळी क्रेट रिकामं व्हतं, मादी घेऊन गेली.

सरांचं खरं निघालं, पण त्याचा आमाला काय उपयोग? सर वाईट न्हाईत. ह्यांच्या शाळेची फी त्यांनीच भरली व्हती, ते आमी इसरलो न्हाई. पण त्यांचा धर्म त्यांच्या पुस्तकात असतो आन् वाट आमच्या पायाखाली असते. कोपरा अजून उभा हाय. हे विळा घेऊन गेले तर सर म्हणाले, की मला इचार करू दे. मावशी, आता इचार कसला? तुमीच त्यांना समजावून सांगा, तुमचं ते ऐकतात.

काळजी घ्या. लेकरांवर लक्ष असू द्या.
तुमची,
उज्ज्वला


मंचर
६ जानेवारी

एलिझर,
आशीर्वाद आज मनातच ठेवते.

उज्ज्वलाचं पत्र आलं. तिनं तुला शिवी दिली नाही, हे तिचं मोठेपण. मी देणार होते, पण लिहिताना हात थांबला.

तुला हुकूमच हवेत ना? मग हाही घे. नवं घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा घाल. कुणी खाली पडलं तर त्याचं रक्त तुझ्या घरावर येईल. बाबांनी हेही वाचलं होतं. तेव्हाही तू लाथाच मारत असशील. कोपरा गरिबासाठी ठेव म्हणणारा आणि कठडा घाल म्हणणारा देव एकच आहे, एलिझर. तुला त्यातला एक आवडला म्हणून तू तेवढाच घेतलास. आणि कुणाचाही जीव धोक्यात असेल तर शब्बाथसुद्धा मोडायचा, हे आपल्या घरातल्या पोरालाही माहीत असतं. तिथे तुला विचार कसला करायचाय?

तू पिल्लांपुढे उभा राहिलास, ते बरोबर केलंस. त्यांना जाळणं पापच होतं. पण त्या बाईचा हात जायची वेळ आली, ती तुझ्या चांगुलपणापायी. आपला चांगुलपणा कुणाच्या अंगावर येतो हे आधी पाहायचं असतं. बिबट्याची जागा हवी तर सरकारकडे रानासाठी भांड, वनखात्याला अर्ज कर, मी सही करते. साळुबाईंच्या वाटेवर त्याला घर देऊ नकोस.

आजच ऊस तोड. माणसं लावू नकोस, स्वतः जा. तोडून झालं की साळुबाईंकडे जा. तिथे भाषण करू नकोस.

तुझी काळजी वाटते म्हणूनच एवढं लिहिलं.
मलकाताई


लेण्याद्री रस्ता, जुन्नर
२७ जानेवारी

ती. मलकाताईस,
सादर नमस्कार. ‘चिरंजीव’ लिहिलं नाहीस, ते लागलं.

ऊस तोडला. पत्र आलं त्याच दुपारी विळा घेऊन गेलो. मला धड तोडता येईना, तेव्हा गोरख येऊन शेजारी उभा राहिला आणि आधी फटाके लावून त्यानं सगळा कोपरा हाकून घेतला. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं तोडत होतो. शेवटी त्यानं माझ्या हातावरचे फोड पाहिले आणि म्हणाला, की सर, हळद लावा.

मग साळुबाईंकडे गेलो. भाषण करायचं नाही असं ठरवलं होतं, तरी सुरू झालंच. माझी चूक झाली, मी विचार करायला हवा होता, वगैरे. त्या ऐकून घेईनात. वैतागून म्हणाल्या, की झालं ते झालं, आता शेळ्यांचं काय करायचं ते बोला, एका हातानं मला भारा उचलवत न्हाई. मी म्हणालो, मी आणून टाकतो. त्यावर त्या आणखी चिडल्या. म्हणाल्या, की सर, तुमी रोज भारा घेऊन आलात तर मला रोज चहा करावा लागंल.

त्या शेतात ऊस आता पुन्हा नाही, हे गोरखशी ठरलं. त्याला वाट्यात तोटा नको म्हणून भुईमूग करू. ओढ्याकडच्या कोपऱ्यात लसूणघास पेरलाय. गुडघ्याच्या वर जात नाही, पलीकडचा दगडसुद्धा दिसतो, आणि एकदा पेरला की कापावा तसा फुटत राहतो. वाटेनं येणाऱ्या कुणाच्याही शेळीला चालेल.

पुढच्या महिन्यात झाडांचा सण येतोय. प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या नावानं मलिदा करायचा विचार आहे: भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची आणि मिळतील ती फळं. साळुबाई वाचल्या म्हणून. तू ये. मलिद्यावरच्या आशीर्वादाच्या बेराखा तुझ्याइतक्या खणखणीत मला म्हणता येत नाहीत.

अजून रागावली असशील तर राग इथे येऊन काढ.
तुझा,
एलिझर


मंचर
१६ फेब्रुवारी

चि. एलिझर यास,
आशीर्वाद, या खेपेला कागदावर.

एसटीनं नीट पोचले. मलिदा चांगला झाला होता, साखर जास्त होती. साळुबाईंचा हात मी मुद्दाम तपासला. करंगळी वाकायला लागलीय, दुसऱ्या बोटाला वेळ लागेल, कदाचित ते तसंच राहील. त्यांना गरम पाण्यात मूठ मिटायचा व्यायाम दाखवलाय. त्या करत नाहीत, म्हणतात वेळ न्हाई. तू मागे लागू नकोस, उज्ज्वलाला लागू दे.

गोरख तुझ्याशी अजून तुटक बोलतो, ते मी पाहिलं. बोलू दे. माणसाला आपल्या आईसाठी तेवढा हक्क असतो.

औषध वेळेवर घे.
तुझी,
मलकाताई


लेण्याद्री रस्ता, जुन्नर
३० मार्च

ती. मलकाताईस,
सादर नमस्कार.

आज भयंकर वैतागलोय, म्हणून लिहायला बसलो. लसूणघास पहिल्या कापणीला आला होता. हिरवागार, पाहत राहावा असा. साळुबाईला सोमवारी बोलावणार होतो. शुक्रवारी सकाळी जाऊन पाहतो तो अर्धा कोपरा साफ. कुणीतरी येऊन कापून नेला. तोही वेडावाकडा, मुळापाशी ओढून.

गोरखला विचारलं, त्याला माहीत नाही. ओढ्यापलीकडे मेंढपाळांचा तळ पडलाय, तिकडच्या चार माणसांना विचारून आलो, त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच चोर. शब्बाथ असूनही काल चित्त थाऱ्यावर नव्हतं. आज उजाडल्यावर काठी घेतली आणि बांधावर जाऊन बसलो. म्हटलं, येऊ दे आता कोण येतंय ते.

ऊन चढलं. उज्ज्वला विहिरीकडे निघाली होती. मला पाहून थांबली. तिनं सहज विचारलं, की सर, कुणासाठी ठेवलाय हा घास? मी म्हणालो, ज्याला लागेल त्याच्यासाठी. मग ती म्हणाली, की मग राखण कशाची करताय?

ती घागर घेऊन पुढे गेली. उत्तर ऐकायला थांबलीसुद्धा नाही. मग काठी बगलेत धरून घरी आलो.

उरलेला अर्धा उद्या साळुबाई नेईल, नाहीतर आणखी कुणी नेईल. मी तिकडे जाणार नाही.

तुझा गुडघा आणि तुझी जीभ दोन्ही ठणठणीत असोत. पत्राची वाट पाहतो.
तुझा,
एलिझर