अटलांटाचे चित्र आचलला

मी, सत्यभामा देवीदास ढोले, वय बहात्तर, राहणार वरूड, जिल्हा अमरावती. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत, असे वकीलबाई म्हणाल्या. कोणाच्या दबावाशिवाय, राजीखुशीने लिहून ठेवते की:

१. राहते घर पती देवीदास यांच्या हयातीत त्यांच्याकडे, पुढे मुलगा गोपालचे.

२. माझ्या वडिलांकडून आलेली संत्राबाग गोपाल व त्याची मुलगी आचल यांना निम्मी निम्मी. आचल लग्न करो वा न करो, अट नाही.

३. बैठकीतले जुने विलायती चित्र, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले. अमरावतीचा एक बंगला रिकामा होत होता, तेव्हा यांनी संत्र्याची पेटी देऊन ते आणले. त्यात एक मुलगी शर्यतीत पळता पळता वाकून फळ उचलते. मी शाळेत धावण्यात पहिली यायची, म्हणून यांना ती मीच वाटले आणि फळ संत्रे.

पुढे एका प्राध्यापकांनी खरी गोष्ट सांगितली. ती ग्रीक पुराणातली अटलांटा. जो तिला हरवील त्याच्याशीच ती लग्न करणार होती. एकाने वाटेत सोन्याची सफरचंदे टाकली. ती उचलायला थांबली आणि हरली.

मला रागच आला. मी यांना म्हटले, "मी असती तं वाकली नसती."

हे म्हणाले, "मी असतो तं फळ फेकलंच नसतं. तुया मागं पयालो असतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत शर्यत लावली, हरेल त्याने रोजचा चहा करायचा. मी पदर खोचला आणि विहिरीपासून गोठ्यापर्यंत यांना हरवले. मजूरबायांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून सकाळचा चहा हेच करतात.

घरी पाहुणे आले की दीर शेखर ते चित्र भिंतीकडे फिरवत. मुलीचे पाय उघडे म्हणून. त्यांना माफ केले आहे. चित्राला मात्र हात लावू नये.

हे चित्र आचलला. तीही शर्यतीत धावते. मागे तिला पाहायला आलेल्यांनी विचारले, लग्नानंतर पळणे सोडशील ना? आचल शांतपणे म्हणाली, "पळणं नाही सुटणार. पोहे घ्या न." पाहुणे पोहे खाऊन गेले. मी आत जाऊन डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

आज अमरावतीला तिची स्पर्धा आहे. फोन अजून आलेला नाही. निकाल कळेपर्यंत थांबू या का, असे वकीलबाईंनी विचारले. मी म्हटले, "कशाले? हारली तरी चित्र तिचंच."

म्हणून आत्ताच, दोघा साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत, सही करते.

सही: सत्यभामा देवीदास ढोले

साक्षीदार: १. कुंदन वानखडे २. गीतांजली बोंडे

वरूड, दि. १४ डिसेंबर २०२४