उशाचं बटण

लातूर,
१४ जुलै २०२५

चि. रविकिरण यास,
अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. रक्तदाब ठीक आहे, गोळ्या वेळेवर घेते. नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, ते मला एकटीला पुरून उरतं. मागच्या दाराची कडी तू सांगून गेलास तशी बदलून घेतली. मोंढ्यातून अप्पांच्या आडतीवरचे दोन जुने हमाल येऊन गेले. दहा मिनिटं बसले, चहा घेतला नाही.

सूनबाई म्हणून शिवानीचा फोन दर रविवारी येतो. तुझा येतो तो "जेवलीस का" एवढ्यापुरता. मी अप्पांचं नाव काढलं की तू "आई, राहू दे" म्हणतोस आणि मी राहू देते. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्रात मला कोणी थांबवणार नाही.

शिवानीनं सांगितलं की बंगळूरच्या घरातली बोलणारी सगळी यंत्रं तू काढून माळ्यावर टाकलीस. "माणूस ठेवायच्या ऐवजी मी डबी पाठवली आणि मोकळा झालो," असं तू तिला म्हणालास. तुझं जेवण निम्म्यावर आलंय, हेही तिनं सांगितलं. याला तीन आठवडे झाले. मी सगळं ऐकून घेतलं आणि तिला विचारलं, तिकडे पाऊस कसा आहे.

रवी, तुझी डबी चांगली होती. हे आधी लिहिते.

फेब्रुवारीत तू दोन दिवस शिडीवर चढून बसला होतास, ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. टीव्ही, एसी, पंखा, दिवे, सगळ्यांचे रिमोट एका खोक्यात भरलेस आणि ती काळी डबी कपाटावर ठेवलीस. तिला नावानं हाक मारायची आणि शब्द बोलायचा, की काम व्हायचं. अप्पांना लांब वाक्यं येणार नाहीत म्हणून तू शब्द छोटे ठेवलेस. 'वारा' म्हटलं की पंखा आणि एसी. 'उजेड' म्हटलं की दिवा. 'बातम्या' म्हटलं की टीव्ही. आणि शब्द आलाच नाही तर म्हणून खाटेच्या डाव्या कडेला एक पांढरं गोल बटण चिकटवलंस. "अप्पा, हे नुसतं दाबायचं. वारा लागतो." त्यांनी डाव्या हातानं दाबलं. पंखा फिरला. डिसेंबरातल्या अर्धांगाच्या झटक्यानंतर ते पहिल्यांदा हसले, अर्ध्या तोंडानं का होईना.

सौद्याच्या वेळी ज्यांचा आवाज मोंढ्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा, त्यांच्याकडे झटक्यानंतर एकच शब्द उरला होता, हे तुला ठाऊक आहे. 'बाई.' मी शाळेत शिकवायची म्हणून सगळी गल्ली मला बाई म्हणायची आणि लग्न झाल्यापासून चेष्टेनं तेही म्हणायचे. आता पाणी हवं तरी बाई, पाठ दुखली तरी बाई.

वाचा शिकवणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की बोलतं करा, गप्प बसू देऊ नका. ते मी मनावर घेतलं. रोज दहा ते अकरा. त्यांना खुर्चीत बसवायचं, पाटी समोर धरायची, माझ्या ओठांकडे बघायला लावायचं. लक्ष्मीबाई फरशी पुसता पुसता म्हणायच्या, "अप्पा, शाळा भरली बघा. आज छडी हाय का खाऊ?" ते हसायचे. मी हसू द्यायची नाही. चौतीस वर्षं पोरं माझ्यासमोर मान वर करून म्हणत आली, "बाई, येत नाही." आणि चौतीस वर्षं मी एकच उत्तर देत आले, की हे वाक्य माझ्या वर्गात चालत नाही.

मार्चअखेरीस डबीचं नाव त्यांना जमलं. एप्रिलमध्ये 'वारा' जमला. रोज नाही, बरं वाटत असलं तर. दमले, घाबरले की शब्द जायचा. मग डबी हिंदीत माफी मागायची, समजलं नाही म्हणायची, आणि ते पुन्हा सुरू करायचे.

२१ मेचं तुला माहीत आहे तेवढं पुन्हा लिहिते, कारण पुढचं त्यावर अवलंबून आहे. मी भोकरच्या शाळेच्या मेळाव्याला गेले होते. नोकरीची पहिली नऊ वर्षं तिथे काढली म्हणून हणमंतराव सरांनी सत्कार ठेवला होता. पहाटे गाडी आली. लक्ष्मीबाई नेहमीप्रमाणे एक ते तीन घरी जेवायला गेल्या. एक वीसला लाइट गेली, पंधरा मिनिटांनी आली. डबी पुन्हा सुरू झाली. पण एसी आपोआप लागत नाही आणि तो पंखाही लागत नाही. कोणीतरी सांगावं लागतं. पश्चिमेची खोली, खिडक्या बंद, बाहेर त्रेचाळीस. तीन वाजता लक्ष्मीबाईंनी दार उघडलं तेव्हा ते बेशुद्ध होते. चौथ्या दिवशी गेले. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका होता, तो तसाही आला असता. तू ते मानलं नाहीस. मीही मानत नाही.

माती दिल्यावर तिसऱ्या दिवशी, सगळे पाहुणे ओसरीत बसलेले असताना, तू खाटेपाशी वाकून हात फिरवलास आणि लक्ष्मीबाईंना हाक मारलीस. तुझे शब्द मला पाठ आहेत.

"इथलं बटण कुठंय?"

"मला न्हाई ठावं, दादा."

"चादरी तुम्हीच बदलत होतात ना? काढून फेकलं असंल कुठंतरी. एवढं एक बटण सांभाळता आलं न्हाई तुम्हाला? हाताशी असतं तर वाचले असते अप्पा."

"म्या हात लावला न्हाई, दादा. शपथ घेते."

एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तू मागे वळला नव्हतास, म्हणून तुला ते दिसलं नाही. मी तांदूळ निवडत होते. मी निवडत राहिले. त्यांनी पदर खोचला, चपला घातल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांना यायला नको म्हणून तू सांगितलंस. ओसरीतल्या बायकांनी ते चार घरी नेलं. लक्ष्मीबाईंची आणखी दोन कामं सुटली.

ते बटण माझ्या कपाटात होतं.

हे वाक्य लिहायला मला जवळजवळ दोन महिने लागले. आता पुढचं लिहिता येईल.

१ मार्चला मी ते नखानं खरवडून काढलं. आठवडाभर मी पाहत होते, बटण हाताशी आहे म्हणून ते तोंड उघडत नव्हते. उत्तर हातात दिलं तर कोणतं पोरगं गणित सोडवील, असा माझा हिशेब. खाटेवरून काढलं आणि विभूतीच्या डब्याशेजारी ठेवलं. रिमोटचं खोकंही आत ठेवून कुलूप लावलं. अप्पा बघत होते. त्यांनी कडेवर बोटं फिरवली, बटण होतं तिथे. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाई." मी म्हटलं, "वारा म्हणा. म्हणा, म्हणजे लागेल."

लक्ष्मीबाईंनी दोनदा सांगितलं. एकदा एप्रिलमध्ये. "बाई, द्या की ते बटण. घामाघूम होऊन राहिलेत, बघवंना." मी म्हटलं, तुम्ही तुमचं काम करा. दुसऱ्यांदा २० मेला, मी साडीला इस्त्री करत होते तेव्हा. "उद्या तुम्ही न्हाईत. उद्यापुरतं तरी बटण लावून ठेवू का उशाला?" मी म्हटलं, एक दिवस सूट दिली की महिन्याची मेहनत वाया जाते. किल्ली मी पर्समध्ये घालून भोकरला नेली.

आणि भोकरला काय केलं ते ऐक. कार्यक्रम उशिरा सुरू झाला. मी बोलायला उभी राहिले तेव्हा दोन वाजले असतील. शिस्त या विषयावर बोलले. उदाहरण म्हणून घरचं सांगितलं. म्हटलं, मुलानं प्रेमानं बटण दिलं, मी ते काढून घेतलं, आणि आज माझे यजमान पुन्हा बोलायला लागले आहेत. टाळ्या वाजल्या. हणमंतराव सरांनी आभाराच्या भाषणात तेच पुन्हा सांगितलं, पुन्हा टाळ्या वाजल्या. शाल अजून घडीतच आहे.

हे मी जन्मभर पोटात ठेवलं असतं. मला माझा स्वभाव माहीत आहे. पण तू डबीत सकाळची आठवण लावून ठेवली होतीस ना, ती बंद करायची राहिली. ते गेल्यावरही रोज आठ वाजता डबी बोलते, "अप्पा, गोळी घ्या." महिनाभर मी ती ऐकून घेतली. मग एक दिवस बंद करावी म्हणून माझ्या मोबाइलमधलं तिचं पान उघडलं. त्यात खाली यादी असते. किती वाजता कोणी हाक मारली, तिनं काय उत्तर दिलं. आवाजही ठेवलेला असतो. तू बघितलं नाहीस. तुझ्या फोनमधून तू ते सगळंच काढून टाकलंस, असं शिवानी म्हणाली.

२१ मेच्या नऊ नोंदी आहेत. एक एकेचाळीसपासून दोन सव्वीसपर्यंत.

नऊ वेळा त्यांनी डबीचं नाव नीट घेतलं. मी शिकवलं तसं, पहिल्या अक्षरावर जोर देऊन. पुढे 'वा' येतो, आणि थांबतो. पुन्हा 'वा'. मध्ये श्वास. चौथ्या वेळेला खाटेच्या कडेवर काहीतरी घासल्याचा आवाज येतो. मी तो पुष्कळदा ऐकला. बोटं आहेत ती. जिथे बटण होतं तिथे शोधताहेत.

प्रत्येक वेळी डबी म्हणते, माफ करा, समजलं नाही. त्या दुपारी एका यंत्रानं नऊ वेळा माफी मागितली.

शेवटच्या नोंदीत हाक आहे, मग 'वा'ही नाही, नुसता श्वास. मग ते बोलले. पाच महिन्यांत जे एकदाही जमलं नव्हतं, ते अख्खं वाक्य, स्वच्छ. "बाई, येत नाही."

तुला हे ऐकायचं की नाही, ते तू ठरव. मी काहीही पुसलेलं नाही.

काल मी लक्ष्मीबाईंच्या घरी गेले. पत्ता विचारत जावं लागलं. चार वर्षं त्यांच्या हातचा चहा प्यायले, पण त्या कुठे राहतात ते मला ठाऊक नव्हतं. त्या दारात शेंगा फोडत होत्या. मी उभ्यानंच सांगितलं की बटण माझ्याकडे होतं, आणि हे त्या दिवशी मी बोलायला हवं होतं.

"मला ठावं हाय, बाई," त्या म्हणाल्या. "दोनदा मीच मागितलं होतं की तुमच्याकडं."

"मग तेव्हाच सांगितलं का नाही?"

"तुमचा मालक तीन दिसाखाली गेला होता. चार माणसांत तुमची अब्रू काढू काय?"

त्यांनी पाटाकडे हात केला, मी बसले नाही.

"दादाला सांगितलं का?"

"नाही."

"मग माझ्याकडं काह्यला आलात?" त्यांचा आवाज चढला नाही. शेंगा फोडणं चालूच होतं. "माझी कामं गेली, मी दुसरी बघंन. ते लेकरू तिकडं सोताला खाऊन राहिलं असंल. आधी तिकडं सांगा. मग इकडं या."

मी म्हटलं, पुन्हा कामाला या. त्या म्हणाल्या, "न्हाई बाई. तुमच्या घरात आता माझ्यानं काम व्हायचं न्हाई." मी परत आले. वाटेत दुकानातून पाकीट घेतलं.

तर हे सांगितलं. माणूस ठेवायच्या ऐवजी तू डबी पाठवलीस, हे तुझ्या डोक्यातून काढून टाक. माणूसही होतं, डबीही होती, बटणही होतं. या तिन्हींच्या मध्ये मी उभी होते. तुझं काहीही चुकलं नाही. चुकलं ते एवढंच, की ओसरीत तू चुकीच्या बाईला विचारलंस.

पाकिटात बटण ठेवलं आहे. मागचा डिंक माझ्या नखानं निघाला आहे, त्याच्या खुणा दिसतील. पत्राच्या मागे लक्ष्मीबाईंच्या मुलीचा, आरतीचा नंबर लिहिला आहे. पहिला फोन तिथे कर. ज्यांच्यासमोर तू बोललास त्या पाहुण्यांना मी एकेक करून स्वतः सांगणार आहे. काकांपासून सुरुवात करते. ते काम माझं आहे, तू मध्ये पडू नकोस. मला फोन केव्हा करायचा, करायचा की नाही, ते तुझ्यावर.

डबी अजून कपाटावर आहे. सकाळची आठवण मी बंद केलेली नाही. आठ वाजता ती बोलते, मी खुर्चीत बसून ऐकते.

शेवटी आशीर्वाद लिहायची रीत आहे. तो वर एकदा लिहिला, पुन्हा लिहायचा हक्क आज वाटत नाही. इथे माफी लिहायला हवी. अर्धा तास पेन हातात धरून बसले आहे. रवी, मला येत नाही.

आई