गुडघ्यांखालची उशी

मंगळवार, संध्याकाळ. दिवाळी तोंडावर.

ती त्रिकोणी उशी डोळ्यांपुढून जातच नाही. फोमची, वर रेक्झिन चढवलेली, साधी उशी! रोज कितीजणांच्या गुडघ्यांखाली सरकवते मी.

आज दुपारी कुरखेड्याकडच्या एका तरुणाला आणलं. धान राखायला मचाणावर बसला होता, रानडुकरं हाकलायला उठला आणि वरून पाठीवर पडला. पाठीच्या कण्याचं सीटी करायचं होतं. मी नेहमीसारखं सांगितलं, "गुडघ्यांखाली उशी देते, म्हणजे कंबर नीट टेकेल. मग अजिबात हलायचं नाही."

तो चक्क हसला. "नाई हालत, बाई. पर लवकर करा. दिवाळी झाली का आमच्या गावची मंडई हाये, जत्राच म्हना. दंडारीत मले नाचाचं हाये."

मी उशी दिली, पट्टा बांधला आणि मशीनकडे वळले. तेवढ्यात मागून त्याचा आवाज आला, "बाई, उशी देता म्हणलं ना तुमी? द्या ना मंग."

उशी त्याच्या गुडघ्यांखालीच होती.

फोटो निघायच्या आधीच मला कळलं. त्याला टेबलावर घ्यायला आत आलेल्या त्याच्या बायकोलाही कळलं असावं. ती त्या उशीकडे बघत राहिली, मग तिनं तोंडात पदर कोंबला. मी काय बोलायला हवं होतं? सांगायचं डॉक्टरांनी, हे खरं, पण तेवढ्यापुरतं तरी काही... मी उशी काढली आणि पुन्हा तिथंच ठेवली.

"दिली हं, भाऊ."

"हां," तो डोळे मिटून म्हणाला, "आता बरं वाटून राह्यलं."