प्रभू दमला होता

रत्नागिरी, ता. १२ जानेवारी १९३१

ती. काशीरामदादास सावित्रीचा स. सलाम वि. वि.

येथे सर्व क्षेम. शाळेत मुलींना गोवर निघाल्यामुळे निम्मे वर्ग रिकामे आहेत, म्हणून लिहायला फावले. आजच्या बोटीने एक वही पाठवली आहे. तिच्यात बायकांनी घरी वाचावी अशी बारा चिंतने आहेत. तुमच्या मुंबईच्या ख्रिस्ती मंडळाला अशा पुस्तकासाठी मेच्या आत वही हवी आहे, हे तूच कळवले होतेस.

अकरा वर्षे मासिकात माझे लिखाण ‘एक भगिनी’ म्हणून छापतात. या खेपेस पुस्तकावर माझे नाव हवे, दादा. हा गर्व असेल तर देव क्षमा करो, पण हवे. तू छापखान्यात मुद्रिते तपासतोस, तुझ्या नजरेखालून शेकडो पुस्तके गेली. अगदी खरे मत कळव. वादळावरचे चिंतन तर मला फारच साधले आहे.

वहिनींना सलाम. तुझा लोभ आहेच, तो वही वाचूनही टिकावा.

तुझी, सावित्री

*

मुंबई, ता. २५ जानेवारी १९३१

चि. सावित्रीस अ. आ. वि.

खरे मत मागितलेस, तेव्हा आता रडू नकोस. पहिल्या पानावर ‘हे प्रिय भगिनींनो’ चार वेळा आहे. पुढे मेंढरे, गहू, द्राक्षमळे. अगो, रत्नागिरीत तू मेंढरू कधी पाहिलेस? वाचणाऱ्या बायका भात लावतात, मासे विकतात. मिशनच्या मडमेने सांगावे आणि तू उतरवून घ्यावे, असे सगळे झाले आहे.

आणि ते वादळ! प्रभूने शिष्यांची परीक्षा पाहायला होडीत झोपेचे सोंग घेतले, असे तू लिहितेस. हे कुठून काढलेस? तू पूर्णगडच्या, गलबते हाकणाऱ्या तांडेलांच्या घरातली मुलगी ना? जा, ते सगुणाआत्याला वाचून दाखव. बाबा ख्रिस्ती झाल्यापासून ती आपल्या हातचे पाणी पीत नाही, हे मी विसरलो नाही. पण समुद्रातले तिच्याइतके आपल्यात कोणाला कळते?

सोबत मी रचलेले ईस्टरचे गीत आहे. मुलींकडून बसवून घे. फर्मास उतरले आहे. रागावलीस तरी पत्र पाठव, एवढेच मागणे.

तुझा, काशीराम

*

रत्नागिरी, ता. १४ मार्च १९३१

ती. दादास स. सलाम वि. वि.

तुझे पत्र वाचून दोन दिवस मला अन्न गोड लागले नाही. तुला पुन्हा पत्र म्हणून लिहायचे नाही, असेही ठरवले होते. मग रागातच पूर्णगडास गेले. म्हटले, आत्या तरी माझी बाजू घेईल!

ती अंगणात कोलंबीचे सोडे वाळत घालत होती. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी पायरीवर बसून वाचायला लागले. सोंगापर्यंत आले मात्र, आत्या उसळलीच. माणसे बुडायला लागली आणि हा डोळे मिटून गंमत बघतो, असला कसला गो तुमचा देव, असे तिने तोंडावर विचारले.

मग ती आपणहून आतोबांचे सांगू लागली. एकदा जयगडहून येताना ती त्यांच्या मचव्यात होती. दोन रात्री सुकाणू धरून आतोबा इतके दमले होते की दोराच्या वेटोळ्यावर डोके टेकले तसे झोपले. तोंडावर पाणी आले तरी जाग नाही. ते शौर्य नव्हते, अंगात काही उरलेच नव्हते, असे ती म्हणाली. वारा सुटला तेव्हा खलाशांनी त्यांना गदागदा हलवले. उठल्याबरोबर त्यांनी आधी वाऱ्याकडे पाहिले, मचवा सावरला, आणि मग भ्यालेल्या माणसांना ओरडले.

दादा, तिने शुभवर्तमान आयुष्यात ऐकलेले नाही. तरी क्रम तोच, तिथेही प्रभू उठून आधी वाऱ्याला दटावतो आणि मग माणसांना! परत येऊन सगळे फाडले आणि नव्याने लिहिले. आता माझा प्रभू दिवसभर लोकांशी बोलून दमला आहे आणि उशी मिळाली तिथे खरोखर झोपला आहे. मेंढरेही हाकलली. नवी वही पाठवते आहे.

आता तुझ्या गीताची पाळी. आठ ओळींत पाच वेळा ‘आत्मा’? दुसऱ्या कडव्याला मुली जांभया देऊ लागल्या, आणि तिसरे कोणत्याच चालीत बसेना. ते सरळ काढून टाक. लोभ वाढवलास तर तुझे गीतही सुधारून देईन.

तुझी, सावित्री

*

मुंबई, ता. १८ एप्रिल १९३१

चि. सावित्रीस अ. आ. वि.

शाबास गो! छापखान्यातच वाचले आणि शेजारी टाइप जुळवणाऱ्या जुळाऱ्याने मला पडसे झाले का म्हणून विचारले. गीताचे तिसरे कडवे काढले. आधी चडफडलो, मग गाऊन पाहिले. तुझेच खरे.

मंडळाला अकरा चिंतने पसंत आहेत. बाराव्यावर मात्र अध्यक्ष अडले. ‘प्रभू दमला होता’ हे देवाला शोभत नाही, तिथे ‘ध्यानमग्न होता’ करा, नाहीतर दुसऱ्या कोणाची वही घेऊ, असे ते म्हणतात. बाई, एका शब्दाचा प्रश्न आहे. मान्य कर आणि नाव छापून घे. हा भावाचा सल्ला समज, हुकूम नव्हे.

तुझा, काशीराम

*

रत्नागिरी, ता. २५ एप्रिल १९३१

ती. दादास स. सलाम वि. वि.

नाही करणार. शुभवर्तमानातच विहिरीपाशी दमून बसलेला प्रभू अध्यक्षसाहेब कसा वाचतात, ते त्यांना विचार. मेंढरे माझी होती, ती मी काढली. हा शब्द आत्याचा आहे, तो मी कोणाच्या हाती देऊ? नाव नको तर नको. दमलेला प्रभू छापायचा नसेल, तर पावसासाठी बोटी बंद होण्याआधी वही परत पाठव. लिहिले ते लिहिले.

तुझी, सावित्री

*

मुंबई, ता. ६ मे १९३१

चि. सावित्रीस अ. आ. वि.

तुझे पत्र मी सभेत उभा राहून वाचले आणि लगेच बारावे चिंतनही वाचले. अध्यक्षांनी चष्मा काढला. चाळीस वर्षे गावोगाव उपदेश करून आपणही दमलो आहोत, पण ते कबूल करायची आजवर लाज वाटत होती, असे ते हळूच म्हणाले. शब्द राहू द्या, म्हणाले. शब्द राहिला, सावित्री! नाव मी स्वतः मोठ्या टाइपात जुळवायला सांगणार आहे.

तुझा हरलेला आणि फार खूश असलेला, काशीराम

*

रत्नागिरी, ता. २ नोव्हेंबर १९३१

ती. दादास स. सलाम वि. वि.

पुस्तके बोटीने पोचली. मुखपृष्ठावरच्या नावावरून दहा वेळा बोट फिरवले, हसू नकोस. शनिवारी शाळेच्या ओसरीवर वाचन ठेवले होते. आत्याला निरोप धाडला होता, पण ती येईलशी आशा नव्हती. अर्धे वाचन झाल्यावर पाहते तो शेवटच्या खांबापाशी ती बसलेली! मी बारावे चिंतन वाचले, आणि हे ज्यांनी मला शिकवले त्या माझ्या सगुणाआत्या तिथे बसल्या आहेत, असे सर्वांदेखत सांगितले. बायकांनी माना वळवल्या. ती पदर तोंडाला लावून बसून राहिली.

मंडळी गेल्यावर तिने आपला शब्द कुठे आहे ते दाखवायला सांगितले. मी तिचे बोट त्या ओळीवर ठेवले. बराच वेळ तिने ते उचलले नाही. आतोबांना जाऊन नऊ वर्षे झाली रे. मग तिने माझ्याकडे पाणी मागितले आणि तांब्याभर प्यायली. मला रडू आवरेना.

ती मात्र तोंड पुसून लगेच म्हणाली की लिहिलेस चांगले, पण एक राहिले. एवढा दमलेला माणूस झोपेतून उठला, त्याने वारा थांबवला, माणसांना धीर दिला, मग होडीतल्या एकाने तरी त्याला भाकरी दिली की नाही?

दादा, दुसऱ्या आवृत्तीत त्या भाकरीसाठी एक पान मोकळे ठेव.

तुझी, सावित्री