राजीनामा द्यायलाही सुट्टी नाही

प्रिय कौसल्या,

आज फुलंब्रीला तालुक्याच्या शिक्षण कचेरीतून तिसऱ्यांदा तसाच परत आलो. सूनबाईने दिलेलं पाकीट अजून माझ्या खिशातच आहे. घामाने त्याची एक कड मऊ पडली आहे. सहापर्यंत वैशाली शाळेतून येईल आणि दारातच विचारेल, मामा, दिलं का? काय सांगू तिला? आपला दिलीप कंपनीत गेलाय, पिऊ क्लासला. तू जाऊन दोन वर्षं झाली आणि आता मी तुला आयुष्यातलं पहिलं पत्र लिहितोय. हस खुशाल!

पाकिटात वैशालीचा राजीनामा आहे.

ऐकलंस ना? जिला तू शिक्षिका केलंस, तिचा. लग्न होऊन आली तेव्हा ती बारावी झालेली होती. डी.एड. करायचं म्हणाली, तेव्हा मीच कुरकुरलो की घरचं कोण बघणार. तू म्हणालीस, "मी मेले का?" परीक्षेच्या वेळी पिऊ तीन महिन्यांची होती. केंद्राबाहेर लिंबाखाली तू तिला मांडीवर घेऊन बसायचीस आणि पेपर सुटला की वैशाली धावत येऊन तिला पाजायची. पुढं कितीतरी वर्षांनी नोकरीची ऑर्डर आली, तेव्हा कुणाच्या दारात न जाणारी तू, गल्लीभर सांगत फिरलीस.

तुला आठवतं, सुरुवातीला ती शाळेतून आली की चहा होईपर्यंत पोरांच्याच गोष्टी सांगायची? कुणी वही उलटी धरून वाचली, कुणी बाईंसाठी खिशात बोरं आणली. आता येते ती फोन बघतच. परवा पिऊने गणित विचारलं, तर वहीकडे बघत बसली आणि रडायला लागली. पोरगी घाबरली ना!

का नाही रडणार? पहिली ते चौथीची शाळा, दोन शिक्षक. त्यातल्या सरांना तात्पुरतं म्हणून दुसरीकडे नेलं. ते तात्पुरतं दुसऱ्या वर्षात आलंय. चारही वर्ग ही एकटी बघते. वर खिचडीची चव घ्यायची, नोंद करायची, ताटांचा फोटो पाठवायचा. झाड लावलं, फोटो. हात धुतले, फोटो. मतदारांची यादी घेऊन दारोदार जायचं, कुणाच्या घरी संडास आहे ते विचारायचं. आणि दिवसभर फोनवर निरोप, अमुक माहिती दोनच्या आत, तातडीने. काल पाठवलेलीच आज दुसऱ्या तक्त्यात. अरे, त्या बाईने शिकवायचं कधी?

तुझ्यावरही राग आहे माझा. काम सांगितलं की करून टाकायचं, हे तूच तिला शिकवलंस. नाही म्हणायला शिकवायचं राहिलंच.

आणि आता माझी चूक सांगतो. आधी रागावू नकोस.

त्या शाळेत फोनला रेंज येते ती फक्त आवाराबाहेरच्या लिंबाखाली. ती तिथं माहिती भरत उभी राहायची आणि वर्गात गोंधळ. मला वाटलं, मी घरी बसून काय करतो? आठवड्यातून दोनदा तिच्या स्कूटीवर मागे बसून जायला लागलो. ती नको म्हणत होती, मीच ऐकलं नाही. मी सातवी नापास, पण गुलमंडीच्या कापड दुकानात तीस वर्षं तोंडी हिशोब केलाय. पोरांना पावकी शिकवली. एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण. पोरं काय रंगायची! एक चिमुरडी म्हणाली, "आबा, तुमी रोज या ना. बाईला तवर झाडाखाली काम करू द्या."

हसू आलं तेव्हा. आता नाही येत.

एक दिवस तपासणीला साहेब आले. दारातच थांबले. विचारलं, "बाबा, तुम्ही कोण?"

मी काय सांगणार? खरं तेच सांगितलं. "बाईंचा सासरा."

बरोबरच्या माणसाकडे वळून ते म्हणाले, "शिक्षक झाडाखाली अन् सासरा वर्गात. घ्या लिहून."

घेतलं लिहून. आठवड्यात नोटीस आली. वर्ग त्रयस्थ व्यक्तीच्या ताब्यात दिला, खुलासा करा. मी त्रयस्थ! पण ती झाडाखाली काय करत होती, हे कुणी विचारलं का? त्यांच्याच कचेरीने दोनच्या आत मागितलेली माहिती भरत होती! ती मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. खुलासा लिहायला बसली आणि त्याच कागदावर राजीनामा लिहिला, फळ्यावर काढते तसल्या गोल अक्षरात.

दिलीप म्हणाला, तुला पटेल तसं कर. मग पाकीट माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "मामा, तालुक्याला तुम्हीच नेऊन द्या. मी गेले तर शाळेला कुलूप लागंल."

बघ कौसल्या! राजीनामा द्यायलाही त्या बाईला सुट्टी नाही.

दोनदा गेलो. बाकावर बसलो, चहा पिऊन आलो. घरी सांगितलं, साहेब नव्हते. दुसऱ्यांदा तिची नजर माझ्या कानाकडे गेली. खोटं बोलताना मी कान खाजवतो, हे तूच तिला सांगून ठेवलेलं दिसतंय.

आज तिथले मोठे साहेब खरंच भेटले. मी सगळं सांगितलं. चूक माझी, तिनं बोलावलं नव्हतं, मीच गेलो. म्हणालो, तिचा राजीनामा आणलाय. त्यांनी हात पुढे केला. माझा हात खिशात गेला आणि तिथंच राहिला. मग तेच हळू आवाजात म्हणाले, "देऊ नका म्हणावं तिला. माझ्याकडं माणसंच नाहीत, बाबा."

मला राहवलं नाही. "साहेब, नोटीस काढायला आहेत का माणसं?"

टेबलावरचा फोन वाजला, तो उचलून ते त्यात टाइप करायला लागले. त्यांनाही कुणीतरी दोनच्या आत काहीतरी मागितलं असणार.

परतीच्या गाडीत खिशावर हात ठेवून बसलो होतो. साहेबाला ती हवी, कारण दुसरं माणूस नाही. गावाला हवी, नाहीतर शाळा जाईल. आणि मी पाकीट का धरून ठेवलंय? तुझ्यासाठी. तू पिऊला घेऊन लिंबाखाली बसली होतीस ते वाया जाऊ नये म्हणून. मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय गं? तिला न विचारता मी वर्गात शिरलो, आणि तिला न विचारताच तिचा कागद अडवून बसलो.

म्हणून तुला शब्द देतो. आज ती आली की आधी पाणी देईन. मग पाकीट तिच्या हातात ठेवून खरं काय ते सांगेन. तिने फाडलं तर बरं वाटेल, खोटं कशाला बोलू. पण नेऊन द्या म्हणाली तर उद्याच्या पहिल्या गाडीने जाईन आणि पोच घेऊनच येईन. आणि दोन्हीपैकी काहीही झालं तरी माझा जबाब मी माझ्या हाताने लिहून देणार आहे. त्या नोटिशीतल्या त्रयस्थ माणसाला नाव आहे, ते कळू दे त्यांना.

आणखी एक. "तुझ्या आत्याबाईंची फार इच्छा होती गं," हे तिला सांगायचं वाक्य जिभेच्या टोकावर आहे. एवढं एक बोललो तर ती राहील, मला माहीत आहे. पण तिला थांबवायला तुझं नाव वापरणार नाही.

फाटकाची कडी वाजली. आलीच ती. पाणी घेतो.

तुझा,
भगवान