न केलेल्या वजाबाकीचा खुलासा

गोंदिया,
चैत्र वद्य नवमी, शके १८६९

तीर्थरूप गंगाभागीरथी देवकाबाई यांचे सेवेशी,

आपला धाकटा बंधू केशोराव गोंदियाहून साष्टांग नमस्कार करतो. नमस्कारात आठही अंगे आहेत, एकही कमी केलेले नाही. तरी तो क्षमायाचनेचा आहे असा समज कृपया करून घेऊ नये.

आपला गुडघा, आपली म्हैस आणि तळ्याकाठच्या बांधीतले उन्हाळी धान ही तिन्ही सुस्थितीत असावीत अशी आशा करतो. इकडे चि. रुख्मिणी खुशाल आहे. सौ. पुष्पाबाईही खुशाल आहे. मीही खुशाल आहे. फक्त विमानातून उतरल्यापासून माझ्या डाव्या कानाला दडा बसला आहे, आणि हिवाळ्यापासून सौ. मला रोज सकाळी अनशेपोटी कारल्याचा रस पाजते. (ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असला तरी तो ह्या पत्राचा विषय नव्हे.)

पत्राचा विषय असा की, आपला निरोप पोहोचला. तो आपण आमच्या राइसमिलच्या मोटारीचा ड्रायव्हर मुन्नालाल ह्याच्याबरोबर तोंडी पाठवलात, आणि त्याने तो गिरणीच्या अंगणात, धान उपणणाऱ्या बाया व पोती उचलणारे हमाल ह्यांच्यासमक्ष, माझ्या बंद कानापाशी तोंड आणून, आपला आवाज काढून दिला. “केशोले सांगजो, लेकरू होये का धानाचं पोतं? काट्यावर कायले चढवलं? मातामायचा नवस मोडला त्यानं. आता अखजीले तुला-बिला काई नाही. मी अजून सालभर गूळ सोडून राहीन, पन त्याच्या हातचं पानी पेनार नाही. बी.कॉम. झाला म्हने!” शेवटचे वाक्य आपले की मुन्नालालचे हे मला कळलेले नाही. हमालांना मात्र तेच सर्वांत आवडले, आणि दुपारपर्यंत ते एकमेकांना त्याच पदवीने हाका मारत होते.

बाई, आरोप गंभीर आहे. म्हणून उत्तर क्रमाने देतो. गेल्या हिवाळ्यात मुंबईस आपल्या लेकीच्या, सुमित्राच्या, ह्या थोरल्या मुलीला, रुख्मिणीला, न्यूमोनिया झाला, तार आली, आणि आपण त्याच संध्याकाळी गावदेवी मातामायच्या पारावर जाऊन नवस बोललात की, नात वाचली तर तिच्या भारंभार गूळ वाटीन, ती गुळाची तुला होईपर्यंत गूळसाखर तोंडात घालणार नाही, आणि मातामायच्या ताजव्याआधी लेकराला दुसऱ्या कोणत्याही काट्यावर चढू देणार नाही. मुलगी वाचली. ती डॉक्टरांच्या औषधाने वाचली हे माझे मत मी तेव्हा बोलून दाखवले होते व आजही ते कायम आहे. परंतु दुसऱ्याने केलेला करार आपल्याला पटो वा न पटो, त्याच्या अटी पाळणे हे सभ्य माणसाचे कर्तव्य असते. आपला नवस मी त्याच भावनेने पाळला. (केवळ त्याच भावनेने. ह्याहून अधिक काही नाही.)

आता विमान कशाला, हा मुन्नालालने मागाहून सांगितलेला आपला दुसरा प्रश्न. सुमित्रा नुकती दुसऱ्यांदा बाळंत झाली आहे, म्हणून उन्हाळाभर रुख्मिणीला आपल्याकडे आणायचे ठरले. आणि डॉक्टरांनी सांगितले की, इंजिनाचा कोळशाचा धूर दिवसरात्र ह्या छातीला सोसणार नाही. तेव्हा जावयांनी मुंबई-नागपूर विमानाचे तिकीट काढले व नागपूरला गिरणीची मोटार बोलावली. ह्यात उधळपट्टी नाही, हौस नाही आणि आपण म्हणता तसा “अंगात आलेला सायेबपना” तर मुळीच नाही. देवाने माणसाला पंख दिले नाहीत हे आपले म्हणणे मला मान्य आहे. त्याने चाकेही दिलेली नाहीत, तरी आपण कचारगडच्या जत्रेला छकड्यातूनच जाता.

विमानतळावर शिरल्याबरोबर जे पहिले दिसले ते विमान नव्हते. तो काटा होता. हुबेहूब आपल्या गिरणीतला, पोती तोलण्याचा. चौकशी करता कळले की विमानात जाणारी प्रत्येक वस्तू, पेटी असो की माणूस, आधी तोलली जाते. पद्धत मला पसंत पडली. फक्त रिकामा काटा शून्यावर नव्हता. मी तेथील कारकुनाच्या ते नजरेस आणून दिले. तो म्हणाला की एवढ्या तेवढ्याने काही होत नाही. मी म्हणालो की, गोंदियात ह्याच वाक्यावर माणसांची दुकाने बंद झालेली आहेत. काटा शून्यावर आणवला, मगच मी वर उभा राहिलो. कारकुनाने माझा आकडा मोठ्याने पुकारला (ही पद्धत पसंत पडली नाही), आणि बाकावर बसवलेल्या रुख्मिणीकडे हात करून म्हणाला, “आता बेबी.”

मी नकार दिला. तो म्हणाला, प्रत्येक प्रवासी तोललाच पाहिजे असा नियम आहे. मी विचारले, हिला बसायला वेगळी खुर्ची आहे काय? नाही, ती आपल्या मांडीवर. मग ती प्रवासी कशी? ह्यावर तो मनुष्य अत्यंत प्रसन्न होऊन म्हणाला, मग सामान; आणि सामान तर तोलावेच लागते. वादात मी असा सापडण्याचा हा पहिलाच प्रसंग. मागे रांगेत उभे असलेले एक पागोटेवाले शेठजी ओरडले, “अरे भाई, तुलवा लो ना! बच्ची घट थोड़े ही जाएगी?” नवसाची गोष्ट मी त्या कारकुनाला सांगू शकलो असतो. परंतु पदवीधर मनुष्याने भर मुंबईत, इंग्रजीतून, मातामायची अट समजावून सांगणे हे वाटते तितके सोपे नाही. इंग्रजीत मातामाय फारच लहान होते.

तेव्हा मी मार्ग काढला. रुख्मिणीला कडेवर घेतले आणि तिच्यासह काट्यावर चढलो. विमानाला एकूण भार कळला की पुरे असते. तो कळला, कारकुनाने लिहून घेतला, कोणाचेही समाधान अपुरे राहिले नाही. तो इतक्यात बोटांवर हिशेब करू लागला, “म्हणजे बेबीचं वजन झालं...” तेव्हा मी “खबरदार!” असे म्हणालो. ते इतक्या जोराने म्हणालो की पलीकडच्या हमालाने शेठजींची पेटी त्यांच्याच पायावर सोडली.

बाई, माझा सर्व बचाव येथे आहे, म्हणून लक्ष द्यावे. भरलेली गाडी काट्यावरून गेली म्हणून धान तोलले गेले असे आपल्या भागातला कोणताही शेतकरी मानत नाही. रिकामी गाडी तोलावी लागते, आणि एकातून दुसरे वजा करावे लागते. ती वजाबाकी होईपर्यंत धानाला वजन नसते, नुसते धान असते. प्रस्तुत प्रकरणी रिकामी गाडी मी. ती आधी तोलली गेली होती हे प्रांजळपणे मान्य करतो. दोन्ही आकडे माझ्या डोक्यात आहेत हेही मान्य करतो. परंतु वजाबाकी मी केलेली नाही. ज्याने उभ्या हयातीत समोर आलेले कोणतेही दोन आकडे एकमेकांपासून वजा केल्याशिवाय सोडले नाहीत, त्याने हे दोन आकडे शेजारी शेजारी बसवून ठेवले आहेत आणि त्यांची साधी ओळखही करून दिलेली नाही. ह्याला काय कष्ट पडतात ते ज्याचे त्याला ठाऊक. विमानात मी रामरक्षा म्हणत होतो (हेही मुन्नालालने सांगितलेच असेल), ती भीतीने नव्हे, भक्तीनेही नव्हे. डोके रिकामे सापडले तर ते वजाबाकी करील म्हणून.

विमानाविषयी आपल्याला कुतूहल नसणारच, तरी थोडक्यात सांगतो. ते उडण्यापूर्वी एक मुलगी तबकातून लिमलेटच्या गोळ्या वाटत आली; त्या चघळल्या की कानाला दडा बसत नाही म्हणतात. मी गोळी घेतली नाही. तिने कारण विचारले. मी म्हणालो, मला आवड नाही. माझ्या वाटची गोळी रुख्मिणीने घेतली, मग तबकच घेतले, आणि दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना ती हळदीकुंकवासारखी वाटत सुटली; ज्यांनी नाही म्हटले त्यांच्या तोंडात स्वतः कोंबली. ढगांत शिरताच “भात! भात!” असा आकांत मांडला. तिची चूक नव्हती. खाली पाहता पाटीत उपसलेल्या भाताखेरीज दुसरे काही आठवत नव्हते. मी सुमित्राने दिलेला मऊ भाताचा डबा उघडला, त्याच क्षणी विमान विहिरीत पोहरा सुटावा तसे खाली गेले, आणि भात वर राहिला. तो नंतर आला. शेठजींच्या पागोट्यावर आला, आणि शेजारच्या गोऱ्या लष्करी साहेबाच्या मिशांवर आला. हे साहेब कायमचे विलायतेस परतण्यापूर्वी नागपुरास कोणाचा निरोप घ्यायला निघाले होते. त्यांनी सौजन्याने मुलीला मांडीवर घेतले, आणि तिने तेथे जे केले ते कोणत्याही मांडीवर करण्याचा तिचा वयसिद्ध हक्क आहे. साहेब म्हणाले, काही हरकत नाही. मला राजकारणात गती नाही. पण त्यांना ह्या देशातून अगदीच कोरडे जावे लागले नाही, एवढे मी म्हणू शकतो. मग चहा आला. तो साखर घालूनच आणला होता. मी परत केला.

नागपूरला उतरताना रुख्मिणीच्या गळ्यात सामानाचे लेबल होते हे खरे. ते तिच्या कपड्यांच्या पेटाऱ्याचे होते, तिने ते स्वतः उपटले, स्वतः गळ्यात घातले, आणि काढू लागताच जो सूर लावला तो ऐकून मी ते राहू दिले. मुन्नालालने लांबून ते पाहिले आणि पहिलेच वाक्य टाकले, “साहब, बच्ची को पार्सल से लाए क्या?” वजनाशिवाय पार्सल होत नाही एवढे ज्ञान त्याला आहे, बाकीची कथा त्याने गिरणीच्या कामाने आपल्या मोरगावला येताना वाटेवर रचली. असल्या साक्षीवर आपण नवस मोडल्याचा निकाल दिलात, आणि शिक्षा कोणाला? स्वतःला! सूर्य उगवला की गुळाचा चहा, मावळला की गुळाचा चहा, ह्यापलीकडे आपण आयुष्यात काही मागितले नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे. हिवाळाभर आपण तो सोडलात. आणखी सालभर सोडण्याचा आपल्याला अधिकार नाही. नवस मोडलेला नसताना मोडला म्हणणे हाही मातामायवर अविश्वासच, असे माझे मत आहे, आणि मी ते तिच्या पारावर उभा राहून बोलायला तयार आहे.

तेव्हा मी माफी मागणार नाही. अक्षय्यतृतीयेला, म्हणजे आपल्या अखजीला, सकाळच्या गाडीने रुख्मिणीला घेऊन मी अर्जुनी मोरगावला उतरेन. (चार घटकांच्या धुराला डॉक्टरांची परवानगी आहे, खिडकी मी बंद ठेवीन.) आपण दार उघडले नाही तर आम्ही दोघे पारावर बसू. एक बी.कॉम. झाला आहे, दुसरीला भात दिसल्याशिवाय गप्प राहता येत नाही. गाव किती वेळ सहन करील ते पाहू. माझ्या हातचे पाणी पिऊ नका. रुख्मिणीच्या हातचे प्या. ती अर्धे आपल्या लुगड्यावर सांडील, उरलेल्या अर्ध्यावर आपले समाधान व्हावे.

वडीलधाऱ्यांपुढे इतके लिहिणे शोभत नाही हे जाणून, आणि तरीही लिहून,

आपला आज्ञाधारक (ह्या एका बाबतीत सोडून)
केशोराव

ता. क. तुलेसाठी आपण दुधराम किराण्याकडे गुळाच्या दोन भेली सांगून ठेवल्याचे कळले. दोन पुरणार नाहीत. तीन सांगाव्या. तीनच का, हे विचारू नये. माणूस झोपेत काय करतो ह्याला तो जबाबदार नसतो.

पुन्हा ता. क. काल सौ.ने माझ्या चहाचा पेला हुंगून पाहिला आणि डॉक्टरांना बोलावण्याची भाषा केली. आपण पारावर नवस बोललात त्या दिवसापासून घरातला चहा मी बिनसाखरेचा घेतो. त्यावरून मला मधुमेह झाला अशी तिची खात्री पटली असून कारल्याचा रस तेव्हापासून सुरू आहे. खरे कारण तिला सांगता येत नाही, कारण नवसाची टिंगल मी तिच्यासमोरच केली होती, आणि ती विसरत नाही. तरी, बाई, अखजी पुढे ढकलू नका. आपण सालभर काढाल. मी काढणार नाही. पारावर गुळाचा पहिला खडा आपण तोंडात घालावा. दुसरा, कोणी पाहत नाही असे बघून, माझ्या हातावर ठेवावा.