भास्करचं ‘आपण’

जळगाव, शुक्रवार

तालमीहून आलोय, पण जेवणावर मन नाही. आमचं नाटक जुन्या काळातल्या दरबारी दग्याचं. राजा मी, दिग्दर्शकही मीच; राजाचा घात करणारा सेनापती भास्कर. खंजीर काढण्याआधी तो म्हणतो, ‘आपण निश्चिंत असावं, महाराज.’ हे वाक्य त्याला जमतच नाही. पाठांतर वाटतं. मी रोज ओरडतो.

भास्कर शिंदखेड्याचा, माझा कॉलेजपासूनचा दोस्त. स्टेजवरून उतरला की माझ्याशी अहिराणीच. ‘थकना का रे भो? चहा पी ले.’ आज मात्र चहा देताना म्हणाला, ‘आपण दमला असाल, बसा जरा.’

आपण? मला?

भूमिकेतून बाहेर आला नसेल, असं म्हणून सोडून दिलं. पण मग मी गाडी काढायला गेलो, तेव्हा तो आणि बाकीची मंडळी मला बघून एकदम गप्प का झाली? रविवारी आमच्या नाट्यमंडळाचा अध्यक्ष निवडायचाय. दर वेळी माझं नाव भास्करच सुचवतो. की मलाच उगाच संशय येतोय? रोज रोज दग्याने मरून डोकं फिरलं असेल माझं. पण ते ‘आपण’?

राहवलं नाही. आत्ता फोन केला, मुद्दाम अहिराणीत. ‘काय रे भो, रविवारले मनं नाव तूच सांगशी ना?’

तो म्हणाला, ‘आपण निश्चिंत असावं.’

तालमीत त्याला हे वाक्य इतकं सहज कधीच जमलं नव्हतं.